हात दिसला पाहिजे

१२ जानेवारी, रविवार

पौष चालू आहे. लग्नं नाहीत. दिवसभर मी दुकानात बसून मुकुंदवाडी स्टेशनाकडं जाणाऱ्या रिक्षा बघतो आणि घरी गेल्यावर तनुजाचं डोकं खातो. ती म्हणाली, त्यापेक्षा डायरी लिहा. म्हणून ही गेल्या वर्षीची कोरी डायरी काढली. वार माझे मी दुरुस्त करून घेईन.

पण आज लिहायला खरंच काहीतरी आहे. दुपारी एक मुलगी आली, तिशीच्या आतली, पाठीला भली मोठी पिशवी. मला वाटलं पासपोर्ट फोटो काढायचा असेल. म्हणाली, "काका, मी सिनेमा काढतेय. तुमची मदत पाहिजे." तिचं नाव शाइस्ता. आडनाव विचारलं तर हसून पाणी मागितलं. मुलगी मुंबईची वाटली, पण बोलायला लागली तर आपल्याच गावची, निम्मं मराठी, निम्मं हिंदी.

तिनं गोष्ट सांगितली आणि मी चहा प्यायचा विसरलो. पुढच्या काळातलं शहर आहे. सगळीकडं दिवे, पाऊस आणि धूर. प्रत्येकाच्या कानामागं एक बटण बसवलेलं, आणि माणूस जे जे बघतो ते त्यात साठत जातं. माणूस मेला की त्याच्या आठवणी चोरबाजारात विकायला येतात. कामावरून काढलेला एक फौजदार एका मेलेल्या कारकुनाची आठवण शोधत हिंडतोय, कारण तिच्यात एका बड्या साहेबाचं पाप आहे. साहेब बाजारातली एकेक प्रत विकत घेऊन पुसून टाकतोय. एकच प्रत उरलीय, आणि ती ज्याच्याकडं आहे त्याला ते माहीत नाही.

या सिनेमात आठवणी म्हणून दाखवायला तिला जुनी, खरी लग्नाची शूटिंग हवी आहेत. कॉम्प्युटरवर बनवलेली आठवण खोटी दिसते, म्हणाली. तीस वर्षं मी लग्नं काढतोय. मी लोकांच्या आठवणी साठवतोय असं आजपर्यंत मला कुणी म्हटलं नव्हतं. रात्री तनुजाला सांगितलं. ती म्हणाली, म्हणूनच त्या आठवणी घ्यायला गिऱ्हाईक वर्ष वर्ष येत नाही.

१५ जानेवारी

शाइस्ता परत आली होती. काल तिळगूळ ठेवला होता तो दिला. मी तिला माझं उत्तम उत्तम काढून दाखवलं: वरमाला, पाठवणी, एका मामाला आलेली भोवळ. तिला त्यातलं काहीच नको. तिला आहेर पाहिजे. आता आहेराचं शूटिंग घरचे लोकसुद्धा पळवत पळवत बघतात. पण तिला तेच हवं, आणि तेही दोन हजार नऊच्या आसपासचं. कलावंत माणसं अशीच असायची.

मग मी तिला धंद्यातली गोष्ट सांगितली. आहेराच्या वेळी चेहरा नाही दिसला तर चालतो, हात दिसला पाहिजे. माईकवर नाव पुकारलं की कॅमेरा थेट हातावर. कारण सहा महिन्यांनी भांडण होतं, काकानं अंगठी दिली की नुसतंच पाकीट. मग दोन्हीकडचे माझ्या दुकानात येतात आणि टीव्हीपुढं न्यायनिवाडा होतो. ती हे सगळं लक्ष देऊन ऐकत होती. माझ्या हातांकडं बघत होती.

बोलता बोलता क्रेनची गोष्ट निघालीच. दोन हजार नऊच्या मे महिन्यात, बीड बायपासच्या लॉनवर, पाण्याच्या खात्यातले मोठे अधिकारी तात्यासाहेब यांच्या मुलीचं लग्न. तेव्हा लग्नात क्रेन कुणी बघितलेली नव्हती. मी पुण्याहून भाड्यानं आणली. कमानीपासून कॅमेरा उचलला, सगळ्या गर्दीच्या डोक्यावरून, फेट्यांवरून, झुंबराखालून नेला आणि स्टेजवर अलगद एका हातावर उतरवला. एका दमात. आयुष्यात तसा शॉट मला पुन्हा जमला नाही. आणि तोच कापावा लागला. दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांचा मुलगा सर्जेराव आला आणि म्हणाला, आहेर सगळा काढून टाक, नजर लागते. घरच्यांनी सांगितलं की कापायचं, हा धंदाच तसा.

शाइस्तानं विचारलं, "ती कच्ची टेप आहे का, काका?" आवाज एवढा बारीक झाला होता तिचा. माझ्या कलेची एवढी कदर असलेलं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. शोधतो म्हणालो.

२ फेब्रुवारी, रविवार

आज शूटिंग बघितलं. काय लिहू आणि कसं लिहू.

चितेगावला एक कारखाना बंद पडलाय, त्याची रिकामी शेड तिनं मिळवलीय. मी गेलो तेव्हा चार वाजले होते आणि आत गंजलेले खांब आणि कबुतरांची घाण. मंडपवाल्याकडच्या एलईडीच्या माळा होत्या, त्याच आपल्या, वरातीतल्या. एक पाण्याचा टँकर होता. मनात म्हटलं, यातून कसला सिनेमा होणार.

सगळी दारं लावून अंधार केला. जमिनीवर पाणी सोडलं. धूर सोडला. आणि माळा लागल्या. जमीनच नाहीशी झाली. खाली एक शहर, वर एक शहर, जांभळं, हिरवं, लाल, आणि मधून तो फौजदार चालत येतोय, त्याच्या पावलागणिक खालचं शहर मोडतंय आणि परत जुळतंय. या माळा मी किती लग्नांत बघितल्या असतील, त्यांच्यात हे होतं हे मला कधी दिसलं नाही.

कोपऱ्यात खुर्चीवर शाइस्ताची आई बसली होती, अमिनाबी. सगळ्या युनिटसाठी त्यांनी डब्यात खिचडी-खट्टा आणला होता. मी जाऊन नमस्कार केला. पोरीचं कौतुक केलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "भाईसाब, तुमच्या त्या टेपा खराब होत्यात का हो? म्हणजे, पंधरा-सोळा साल में?" मी म्हणालो, नीट ठेवल्या तर नाही होत. त्यांनी मान हलवली आणि परत दिव्यांकडं बघायला लागल्या. बाईंना तंत्राची आवड दिसते.

निघताना शाइस्तासोबत फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, "सिनेमात झळकणार आमची २००९ ची क्रेन." रात्रीपर्यंत एकशे बारा जणांनी बघितला.

६ फेब्रुवारी

कधी नव्हे ते दिवस फिरलेत. आज सर्जेराव स्वतः दुकानात आला. आता तो मोठा माणूस आहे, बाहेर दोन गाड्या उभ्या. त्याच्या मुलीचं लग्न मे महिन्यात आहे, आणि सगळं काम मला. चार कॅमेरे, ड्रोन, एलईडीची भिंत. म्हणाला, "इंद्रजीतराव, आमच्या धाकट्या बहिणीचं लगीन तुम्हीच काढलं, हे बी तुम्हीच काढायचं." उगीच नाही म्हणत, चांगलं काम माणसं विसरत नाहीत.

जाताना म्हणाला, बहिणीच्या लग्नाच्या जुन्या कच्च्या टेपा असतील तर तेवढ्या सगळ्या द्या, तात्यांच्या सत्तरीला एक नवी फिल्म बनवायचीय. एकही मागं ठेवू नका, म्हणाला. मी म्हणालो, लग्न तुमचं, टेपा तुमच्या. धंद्याचा नियमच आहे तो.

एकाच महिन्यात दोन माणसं माझी जुनी टेप मागायला येतात, याला नशीब म्हणायचं. तनुजाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "डीव्हीडी तर तवाच दिली व्हती ना त्यांना? आन् कापलेलंच कशाला पाहिजे?" तिला धंद्यातलं कळत नाही.

१९ फेब्रुवारी

टेप सापडत नाही. खरी गोष्ट अशी की तेव्हा टेपा महाग होत्या आणि एकीवर दोन-दोन, तीन-तीन लग्नं काढायचो. तात्यासाहेबांकडच्या पाच टेपा होत्या. चार सापडल्या आणि चारींवर नंतरची लग्नं निघाली. मेहंदी चालू असते आणि मध्येच कुणाच्या तरी बारशाचं बाळ रडतं. पाचवी मी नक्की ठेवली होती, त्या शॉटसाठी. पण कुठं?

शाइस्ताला फोन केला. ती म्हणाली, "शोधा काका. सावकाश शोधा." शूटिंग संपत आलंय आणि तिनं शेवटचा प्रसंग टेपेसाठी अडवून ठेवलाय. एका शॉटसाठी एवढा जीव टाकणारी पोरगी.

२३ फेब्रुवारी

सापडली. माळ्यावर, तनुजाच्या पापडाच्या डब्यात. मीच ठेवली होती, दुकानात पाणी शिरलं त्या वर्षी. पापड डब्याबाहेर आणि टेप आत, म्हणून ती तेव्हा दोन दिवस बोलली नव्हती, ते आता आठवलं.

जुना कॅमेरा काढला, हेड पुसलं, देवाचं नाव घेऊन टेप घातली. आधी नुसते चौकोन. मग कमान दिसली. आणि मग ते उड्डाण. त्या गर्दीतली किती माणसं आता नाहीत, आणि इथं ती सगळी फेटे बांधून, घाम पुसत, एकमेकांना टाळ्या देत जिवंत आहेत. आपण किती मोठी गोष्ट करत होतो आणि किती सहज करत होतो.

स्टेजवर कंत्राटदार कडूबाशेठ आधीच उभे होते. माईकवर त्यांचं नाव पुकारलेलं, हातात गाडीची किल्ली, ती तात्यासाहेबांच्या तळहातावर. ते उतरले आणि मागून एक सडपातळ माणूस पायऱ्या चढला. साधा पांढरा शर्ट. माईकवाला म्हणाला, "आता आपल्या पाण्याच्या खात्यातले माननीय नवाबखान पठाण साहेब यांच्याकडून भेटवस्तू." माझा कॅमेरा बरोबर त्याच्या हातावर उतरला. त्यानं रुमाल सोडला. आत सिमेंटचा एक गोळा. त्यानं तो तात्यासाहेबांच्या हातावर ठेवला, वरून बोटांनी दाबला, आणि गोळ्याचा भुगा झाला. नुसती वाळू. तात्यासाहेब त्याच्याकडं बघतात, मग भुग्याकडं, मग माझ्या कॅमेऱ्याकडं बघून हसतात आणि हात झटकतात.

कोपऱ्यात तारीख आहे. मला फक्त उड्डाण आठवत होतं, उतरलो कुठं ते आठवत नव्हतं.

आता कुणी मातीचा आहेर देतं का? त्यांच्याकडं काही रीत असेल, असं मी म्हणालो. तनुजानं टीव्ही बंद केला आणि म्हणाली, ती रीत नाय. त्या पोरीला आधी बोलवा, मग सर्जेरावाला.

२४ फेब्रुवारी

शाइस्ता आली. उड्डाण संपलं, माईकवाल्यानं नाव घेतलं, आणि ती दुकानात फरशीवरच खाली बसली. मला वाटलं उन्हानं चक्कर आली. तनुजानं पाणी आणलं.

ते तिचे वडील होते. नवाबखान ओव्हरसियर, बांधकामांवर देखरेख करणारे. एका लहान गावची पाण्याची टाकी कडूबाशेठ बांधत होते आणि नवाबखानांना तिच्यात वाळूशिवाय काही दिसेना. ऑफिसात साहेबांपर्यंत कुणी पोचू देईना, आणि साहेब लग्नाच्या रजेवर. टाकी सोमवारी भरायची होती. म्हणून हा माणूस रविवारी टाकीचाच तुकडा रुमालात बांधून लग्नात गेला. बिगर आमंत्रणाचा.

सोमवारी टाकी भरली आणि बसली. खाली धुणं धुणाऱ्या दोघी बायका गेल्या. चौकशीत तात्यासाहेबांनी लिहून दिलं की मला कुणी कधी काही दाखवलं नाही, सगळी जबाबदारी ओव्हरसियरची. कडूबाशेठला आपण ओळखतही नाही, असंही लिहून दिलं. नवाबखान नोकरी जाऊन घरी आले ते कायमचे. मरेपर्यंत एकच सांगत होते, मी साहेबांच्या हातावर ठेवलं, सगळ्यांसमोर ठेवलं, कॅमेरा चालू होता. अमिनाबी आता ते नाव धुऊन काढायला कोर्टात भांडतायत आणि पुढच्या महिन्यात शेवटची तारीख आहे.

मग शाइस्ता म्हणाली, "काका, खरं सांगू? मला पण पटत नव्हतं. मला वाटायचं, अब्बा मनातून बनवून सांगतात. म्हणून मी सिनेमा लिहिला, की निदान सिनेमात तरी ते खरं व्हावं."

एवढ्या वर्षांत मी हजारो हातांवर कॅमेरा नेला. त्यातल्या एका हातात काय होतं ते आज बघितलं.

२८ फेब्रुवारी

झोप नाही. लग्न ज्याचं, टेप त्याची, हा नियम मी तीस वर्षं पाळलाय. एका घरची टेप दुसऱ्या घरी गेली की शूटिंगवाल्याला उद्या कुणी उंबऱ्याच्या आत घेणार नाही. आणि सर्जेरावाचं काम गेलं तर हा हंगामही गेला. वर अमिनाबींचे वकील म्हणतात प्रत चालणार नाही, मूळ टेपच लागेल, कॅमेऱ्यासकट. म्हणजे माझ्या शॉटची मूळ टेपही जाणार.

हे सगळं मी तनुजासमोर मांडलं. ती म्हणाली, "टेप लग्नवाल्याची आसंल. पर आहेर? त्यो देणाऱ्याचा. घेतलेला आहेर फेडायचा आसतो. त्या मान्साचा कुनी फेडला का?"

तिला धंद्यातलं कळत नाही असं मी मागं लिहिलंय. ते खोडत नाही, पण ते खरं नाही.

७ मार्च

टेप शाइस्ताकडं दिली. प्रती काढून घेतल्या. संध्याकाळी सर्जेराव आला. टेपा कुठंयत म्हणाला. चार टेपा काउंटरवर ठेवल्या. पाचवी, म्हणाला. मी म्हणालो, दिली.

"कुणाला?"

"ज्यांचा आहेर होता त्यांना."

त्यानं चारी टेपा उचलल्या. आवाज न चढवता म्हणाला, या शहरात तुम्हाला एक लग्न मिळू देणार नाही. मग गेला. गाड्या वळल्या तेव्हा सबंध रस्ता अडला होता.

तनुजानं विचारलं, काय म्हणाला. मी म्हणालो, लग्नाचं काम गेलं. ती म्हणाली, बरं झालं, मे महिन्यात गावाला जाता येईल.

९ मार्च, रविवार

उद्या टेप वकिलांकडं जाणार. आज शाइस्तानं सिनेमाचा शेवटचा प्रसंग काढला. रोजे चालू आहेत, म्हणून सगळ्यांनी शेडमध्येच इफ्तार केला. अमिनाबींनी मला आणि तनुजाला खजूर दिला.

प्रसंग असा, की फौजदाराला ती एकुलती एक प्रत सापडते आणि तो ती सबंध शहराला दाखवतो. शाइस्ताला प्रत नको होती, म्हणून मूळ टेपच माझ्या जुन्या कॅमेऱ्यात घातली आणि वायर काढून प्रोजेक्टरला जोडली. समोर तीन मजली उंच भिंत, खाली पाणी. बटण दाबायचं काम माझं. शाइस्ता म्हणाली, "चला, काका."

आणि माझी क्रेन उडाली. त्या भिंतीएवढी. फेटे, झुंबरं, दिवे सगळे खालच्या पाण्यात उलटे, आणि आपण त्यांच्या मधून चाललोय असं वाटत होतं. पांढऱ्या शर्टातला माणूस पायऱ्या चढला, खांबांच्याही वर गेला. त्याचा हात उतरला तो सबंध भिंतीवर पसरला. नखांतलं सिमेंटसुद्धा दिसत होतं. बोटं दाबली गेली, आणि वरून वाळू पाण्यात पडायला लागली, पडतच राहिली. युनिटमधलं कुणी हललं नाही. शाइस्तासुद्धा कट म्हणायचं विसरली.

अमिनाबी खुर्चीतून उठून भिंतीजवळ गेल्या होत्या. पाण्यात उभ्या. मला वाटलं रडत असतील. पण त्या माझ्याकडं वळल्या तेव्हा चेहऱ्यावर नुसतं नवल होतं.

"साहेब बोले ना उनकू? माइक पे?"

मी म्हणालो, "व्हय. माननीय बी म्हणाले."

"सारी उम्र नौकरी करे. उनकू किसीने साहेब नै बोला." मग म्हणाल्या, "भाईसाब, वो बोलने का फिरसे लगाते क्या?"

जुनी टेप अशी सारखी मागं-पुढं करायची नसते, ताणली जाते. वकिलांनीही बजावलं होतं. शाइस्तानं माझ्याकडं बघितलं, पण नको म्हणाली नाही.

मी टेप मागं घेतली, बटण दाबलं, आणि नवाबसाहेब पुन्हा पायऱ्या चढायला लागले.